जुन्या नोटेची खरी किंमत कशी काढायची : ट्रंक उघडल्यापासून भाव ठरेपर्यंत, क्रमाने

दर दिवाळीच्या साफसफाईनंतर माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंचा पूर येतो. आजोबांच्या पेटीत सापडली, कपाटाच्या कागदाखाली होती, पोथीत ठेवलेली मिळाली, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "याचे किती येतील?" फोटो तिरका, अर्धी नोट अंगठ्याखाली, मागची बाजू नाहीच, आणि सोबत कुठल्यातरी व्हिडिओची लिंक की ट्रॅक्टरवाल्या पाचच्या नोटेचे पाच लाख मिळतात. त्यामुळे एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी हाच लेख पाठवीन.

गडबड कुठे होते सांगू का, लोक उलट्या टोकाने सुरू करतात. आधी भाव शोधतात, मग नोट ओळखायला बसतात, आणि ती कुठल्या अवस्थेत आहे हे बघतच नाहीत. खरा क्रम असा आहे : हात न लावणं, नोंद, ओळख, अवस्था, अस्सल की नाही, आणि त्यानंतर भाव. मधली एक पायरी गाळली की आकडा चुकतोच, कधी दहापट वर कधी दहापट खाली.

इथे मी भारतातल्या नोटांबद्दलच बोलतोय, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या, रिझर्व्ह बँकेच्या, आणि आपल्याकडच्या घरांत हमखास निघणाऱ्या हैदराबाद संस्थानच्या आणि पोर्तुगीज गोव्याच्या.

## टप्पा ० : आधी हे करू नका

नोट सापडली की बायामाणसांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना ती "नीट" करायची असते. कोणी इस्त्री फिरवतं, कोणी ओल्या फडक्याने पुसतं, फाटली असेल तर लगेच सेलोटेप, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लॅमिनेशन. लॅमिनेट केलेली नोट माझ्या लेखी संपली, ती काढता येत नाही आणि घेणारा तिला स्मरणिका म्हणूनच बघतो.

माझीच चूक सांगतो. कॉलेजात असताना माझ्याकडे सहाव्या जॉर्जची एक रुपयाची नोट होती, छान करकरीत, फक्त कोपऱ्यात कुणा कॅशियरने पेन्सिलने ३ लिहिलेला. मी खोडरबर घेतलं आणि हलक्या हाताने पुसलं. ३ गेला. मला वाटलं काम झालं. पुढे एका डीलरने ती नोट टेबललॅम्पखाली आडवी धरली आणि दोन सेकंदात त्या जागेवर बोट ठेवलं, तिथला कागद गुळगुळीत होऊन चमकत होता आणि छपाईच्या बारीक रेघा पुसट झालेल्या. पेन्सिलच्या खुणेचे थोडे पैसे कमी झाले असते, घासलेल्या कागदाचे जास्त झाले.

लक्षात ठेवा : घडी उघडायची असेल तर एकदाच, हळू. पिन लागली असेल आणि गंजून कागदाला चिकटली असेल तर ओढू नका, तशीच राहू दे. हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि नोट कडेने धरा, मध्ये बोटं नकोत.

## टप्पा १ : कायद्याची चाळणी

हा टप्पा लोक हसण्यावारी नेतात म्हणून वर आणला.

२०१६ मध्ये बाद झालेल्या ५०० आणि १००० च्या महात्मा गांधी मालिकेच्या नोटा किती बाळगायच्या याला मर्यादा आहे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे साध्या माणसाला एकूण १० नोटांपर्यंत, आणि अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी २५ पर्यंत. त्याहून जास्त सापडल्या तर दंड १०,००० रुपये किंवा त्या नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यातला जो मोठा तो. तेव्हा "पन्नास नोटा आहेत, संग्राहकाला देऊ" हा विचार डोक्यातून काढा, आणि ग्रुपवर त्याचा फोटो तर अजिबात टाकू नका.

१९७८ च्या जानेवारीत बाद केलेल्या १,०००, ५,००० आणि १०,००० च्या नोटांना वेगळा कायदा लागू आहे आणि त्यात देवघेवीवरच बंदी आहे. तंजावरच्या मंदिराची हजाराची किंवा गेटवे ऑफ इंडियाची पाच हजाराची नोट खरंच घरात असेल तर विकायच्या आधी वकिलाला विचारा, मला नको.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवायची म्हटली की पुरातत्त्व कायद्याचा प्रश्न येतो. परदेशातल्या भाच्याच्या बॅगेत घालून पाठवू नका.

आणि हो, २००० ची गुलाबी नोट. मे २०२३ मध्ये ती चलनातून मागे घेतली तरी ती कायदेशीर चलन आहेच, साध्या नंबरची असेल तर संग्रहाची वस्तू म्हणून सध्या तिला दर्शनी किमतीपलीकडे काही नाही.

## टप्पा २ : फोटो आणि नोंद

एक वही घ्या किंवा मोबाइलमध्ये शीट करा. प्रत्येक नोटेचा पुढून एक आणि मागून एक असा सरळ वरून फोटो, काळ्या किंवा गडद कागदावर ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद. तिसरा फोटो आडव्या उजेडातला, म्हणजे खोली थोडी अंधारी करून टॉर्च बाजूने नोटेच्या पातळीत धरायचा. या फोटोत घड्या, सुरकुत्या, इस्त्रीचा चपटेपणा सगळं उघडं पडतं, समोरून काढलेल्या फोटोत काही कळत नाही.

नोंदीत एवढं लिहा : दर्शनी मूल्य, कोणाचं नाव छापलंय (भारत सरकार, रिझर्व्ह बँक की आणखी कोणी), सही, नंबर प्रिफिक्ससकट (म्हणजे आकड्यांच्या आधीच्या अक्षरांसकट), साल असेल तर साल, नंबरच्या मागे मोठं अक्षर छापलेलं असेल तर ते, वॉटरमार्क काय दिसतो, आणि कुठल्या घरातून कशी आली. शेवटची गोष्ट लोक सोडून देतात. पण "आजोबा १९५९ नंतर बहरीनला नोकरीला होते" हे एक वाक्य पुढे फार कामाला येऊ शकतं, का ते खाली येईलच.

तपासा : गड्डीच असेल, म्हणजे लागोपाठ नंबर असतील, तर त्या सुट्या करू नका आणि क्रम मोडू नका.

## टप्पा ३ : नोट नेमकी कुठली हे ओळखणं

इथे वेळ द्या. निम्मी किंमत इथेच ठरते आणि नव्वद टक्के लोक "जुनी दहाची नोट" एवढ्यावर थांबतात. जुनी दहाची नोट असा काही प्रकार नाही हो. होडीची आहे का, मोराची आहे का, मोठ्या साइजची की छोट्या, सही कोणाची, इन्सेट अक्षर (नंबरच्या मागचं ते मोठं अक्षर) आहे की नाही, या सगळ्याचं मिळून एक व्हरायटी बनते आणि भाव त्या व्हरायटीला असतो.

### ३.१ कोणी काढली

एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, ती भारत सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवाची सही असते. दोन रुपयांपासून पुढे गव्हर्नरची. रिझर्व्ह बँक १९३५ ला सुरू झाली, पण तिची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये आली, सहाव्या जॉर्जची पाच रुपयांची, जे. बी. टेलर यांच्या सहीची. पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांच्या सहीची नोटच नाही, त्यामुळे तसं कोणी विकायला आलं तर चहा पाजून वाटेला लावा.

मराठवाड्यातल्या घरांत निजामाच्या राज्यातल्या नोटा निघतात, उर्दू ठळक आणि बाजूला मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये मूल्य. लोकांना वाटतं ही कुठली तरी पावती आहे. गोव्यात आणि सावंतवाडीकडे बांको नॅसिओनाल उल्त्रामारीनो छापलेल्या नोटा निघतात, आधीच्या रुपियामधल्या आणि १९५९ च्या तारखेच्या एश्कुदमधल्या. या दोन्ही प्रकारांना चांगली मागणी आहे, त्या भारत सरकारच्या नाहीत म्हणून बाजूला टाकू नका.

१९३७ नंतरच्या काही नोटांवर ब्रह्मदेशासाठीचा आणि १९४८ च्या काही नोटांवर पाकिस्तान सरकारचा जादा छाप मिळतो. नोट आपलीच, नाशिकची छपाई, वर मजकूर वाढवलेला. हा छापच तिची किंमत आहे, आणि खोटे छापही म्हणूनच मारले जातात, ते टप्पा ५ मध्ये.

### ३.२ सही

सही वाचता येत नसेल तर नेटवर गव्हर्नरांच्या सह्यांचे तक्ते सहज मिळतात, शेजारी ठेवून जुळवा. सी. डी. देशमुखांची सही आपल्या लोकांना ओळखता यायलाच हवी, पहिले भारतीय गव्हर्नर, महाडकडचे. त्यांच्या आणि टेलर यांच्या सह्या एकाच डिझाइनच्या नोटांवर येतात. दोनच्या नोटेत तर सहीसोबत नंबर काळ्या शाईत की लाल शाईत हेही बघतात. पाच आणि दहाच्या नोटेत राजाचं तोंड बाजूने आहे की समोरून, तेही.

कमी दिवस खुर्चीवर बसलेला गव्हर्नर म्हणजे दुर्मिळ नोट असा एक समज आहे. अर्धा बरोबर. भा. ना. आडारकर १९७० मध्ये जेमतेम ४२ दिवस गव्हर्नर होते, तरी गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर त्यांची सही मिळते आणि ती शोधणारे आहेत. के. जी. आंबेगावकर १९५७ मध्ये दीडेक महिना गव्हर्नर होते, पण त्यांची सही बघायची तर ती एक रुपयाच्या नोटेवर, वित्त सचिव म्हणून. तेव्हा कार्यकाळ मोजून भाव लावू नका, नोट बघा.

### ३.३ साल, इन्सेट, साइज

एक रुपयाच्या नोटेवर साल छापलेलं असतं आणि लोक त्यावर फार विसंबतात. १९५७ छापलेल्या एक रुपयाच्या नोटांवर एच. एम. पटेल, ए. के. रॉय आणि एल. के. झा अशा तीन सह्या मिळतात, वर इन्सेट अक्षरं वेगवेगळी. साल एकच, नोटा अनेक, भाव अनेक. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर मागच्या बाजूला खाली साल यायला लागलं ते २००५ पासून, त्याआधीच्या नोटांना सही आणि इन्सेटवरूनच कालखंड लावायचा.

१९६७ च्या आसपास नोटांची साइज कमी केली. म्हणून फूटपट्टीने लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहा. कापलेली नोटही अशीच पकडली जाते.

### ३.४ बारीक फरक, ज्यावर पैसे आहेत

१९५० नंतरच्या पहिल्या अशोकस्तंभाच्या नोटांवर हिंदीत "रुपया" लिहिलं होतं, म्हणजे दोन असले तरी रुपया, पाच असले तरी रुपया. नंतर ते सुधारून "रुपये" केलं. दोन, पाच, दहा, शंभर यातली मोठ्या साइजची अशोकस्तंभाची नोट हातात आली की आधी हा शब्द वाचा. पन्नासच्या नोटेवर मागे संसद भवन आहे, सुरुवातीच्या नोटांत झेंड्याची काठी आहे पण झेंडा नाही, पुढच्या नोटांत झेंडा आला. भिंग घ्या, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

आता बहरीनवाल्या आजोबांकडे येऊ. १९५९ मध्ये भारत सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने आखातात चालवायला वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, नंबरला झेड प्रिफिक्स, एकची लाल, पाचची नारिंगी, दहाची लाल, शंभरची हिरवी. आणि हज यात्रेसाठी दहा आणि शंभरच्या, एचए प्रिफिक्सच्या, वर हज असा छाप. २०२४ मध्ये लंडनच्या एका लिलावात हजची शंभरची नोट सुमारे ५६ लाख रुपयांना गेली, पेपरात बातमी आली आणि त्या आठवड्यात मला निदान तीस जणांनी शंभरच्या नोटांचे फोटो पाठवले. एकाही नोटेवर एचए नव्हतं. बातमीत प्रिफिक्स दिला होता, वाचला कोणी नाही.

### ३.५ काय जवळजवळ नेहमी साधं निघतं

ट्रॅक्टरची पाचची नोट, प्रचंड छापली, चालवलेल्या नोटेला काही नाही. १९८० ते ९४ च्या एक-दोन रुपयांच्या नोटा, गड्डी कोरी असेल तर ठीक, सुटी मऊ नोट नातवाला द्या. स्टार नोट, म्हणजे नंबरमध्ये चांदणी असलेली : ती खोटी नाही, छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी गड्डीत घातलेली बदली नोट आहे, २००६ पासून दहा, वीस, पन्नासमध्ये आणि २०१६ च्या अखेरीस पाचशेमध्ये आली. काही प्रिफिक्स बरे जातात, पण स्टार दिसला म्हणून लॉटरी लागली असं नाही. ७८६ ला खरोखर मागणी आहे, पण कोऱ्या नोटेला आणि नंबर ७८६ वर संपत असेल किंवा ७८६७८६ असेल तर, आणि तीही लाखात नाही.

फॅन्सी नंबर म्हणतात ते वेगळे, आणि आपले नंबर सहसा सहा आकडी असतात. सहाही आकडे सारखे, ०००००१ सारखे पहिले नंबर, १२३४५६ चढता क्रम, दहा लाखांचा पूर्ण आकडा, हे सगळे साधी नोट असली तरी भाव वाढवतात.

## टप्पा ४ : अवस्था ठरवणं

एकच नोट, एकच सही, एकच इन्सेट. एक कोरी आणि एक खिशात फिरलेली. दोघींच्या भावात पाचपट, दहापट अंतर सहज असतं, जुन्या मोठ्या नोटांत त्याहूनही जास्त. तरी लोक "कंडिशन चांगली आहे" एवढंच लिहितात. चांगली म्हणजे काय?

बाजारात साधारण अशी उतरंड चालते. यूएनसी म्हणजे कोरी, एकही घडी नाही, चारही कोपरे टोकदार, कागद करकरीत. एयू म्हणजे कोरीच्या जवळ, मध्ये एखादी हलकी घडी. ईएफ किंवा एक्सएफ म्हणजे दोन-तीन घड्या पण कागद कडक. व्हीएफ म्हणजे चालवलेली, अनेक घड्या, थोडा मळ, तरी अंगात जोर आहे. फाइन म्हणजे मऊ पडलेली, कडा झिजलेल्या. त्याखाली व्हीजी आणि गुड, आणि इथे गुड या शब्दाचा अर्थ वाईट असा आहे, हे सगळ्या नवख्यांना एकदा तरी फसवतं.

मोजायचं कसं :

१. नोट आडव्या उजेडात धरा आणि घड्या मोजा. उभ्या किती, आडव्या किती. घडीवर शाई तुटून पांढरी रेघ आली का बघा, आली तर एक पायरी खाली.

२. चार कोपरे भिंगाखाली. गोल झालेला कोपरा म्हणजे ती कोरी नाही, बाकी कितीही चमकत असू दे.

३. उजेडासमोर धरून भोकं बघा. इथे एक गंमत आहे. आपल्याकडे बँका गड्ड्यांना स्टेपल मारायच्या, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००१ मध्ये ते बंद करायला लावलं. त्यामुळे त्याआधीच्या अगदी कोऱ्या नोटेलाही डावीकडे स्टेपलची भोकं असतातच आणि बाजार ती माफ करतो. पण मध्यभागी टाचणीची भोकं, किंवा गंजाचा डाग पसरलेली भोकं, याला माफी नाही.

४. कानाशी नेऊन हलकं हलवा. कोऱ्या नोटेचा आवाज येतो. धुतलेल्या नोटेचा येत नाही, कांजी लावलेल्या नोटेचा येतो पण पुठ्ठ्यासारखा.

५. वास घ्या. साबण, ब्लीच, अत्तर, काहीही वास आला तर संशय. ट्रंकेचा कुबट वास चालतो.

६. लिहिलेलं, शिक्के, पानाचे डाग, शाई. आपल्याकडच्या नोटांवर हिशेब लिहिण्याची फार हौस.

ब्रिटिशांच्या एका बाजूला छापलेल्या जुन्या नोटा दोन तुकड्यांत मिळतात, मध्ये जोडलेल्या. तेव्हा टपालात चोरी होऊ नये म्हणून नोट कापून अर्धी अर्धी वेगळ्या पाकिटांत पाठवायचे आणि पोचल्यावर चिकटवायचे. अशी नोट फाटकी म्हणून टाकू नका, पण दोन्ही अर्ध्यांवरचे नंबर जुळतात का हे बघा. नाही जुळले तर ती दोन नोटांची एक केलेली आहे.

इशारा : स्वतःच्या नोटेला प्रत्येकजण एक पायरी वर चढवतो, मीपण. म्हणून ठरवलेल्या ग्रेडमधून एक वजा करा आणि त्याच्यावर भाव बघा.

## टप्पा ५ : अस्सल आहे का, आणि छेडछाड झाली का

वॉटरमार्क उजेडात बघा, तो कागदाच्या आत असतो, कडा विरघळलेल्या दिसतात. वरून छापलेला खोटा वॉटरमार्क तिरकं धरलं की पृष्ठभागावर दिसतो. आकडे आणि सही भिंगाखाली : इंकजेटचे ठिपके दिसले तर फोटोकॉपी. दहा हजाराच्या नोटेच्या स्मरणिका प्रती बाजारात भरपूर आहेत, तीच बघून लोक हुरळतात.

छोटा यूव्ही टॉर्च घ्या. जुना कागद अंधारात मंद दिसतो. एखादा भाग निळसर पांढरा पेटला तर तिथे डिटर्जंट, ब्लीच किंवा नवा कागद लावून दुरुस्ती आहे. संपूर्ण नोट पेटली तर ती धुतली आहे, किंवा नोटच नाही.

ब्रह्मदेश, पाकिस्तान, हज असे छाप असतील तर शाई कशावर बसलीय ते बघा. घडीच्या फटीत छापाची शाई उतरली असेल, म्हणजे आधी घडी पडली आणि नंतर छाप मारला असं दिसत असेल, तर काय ते समजून जा. शिवाय छाप आणि प्रिफिक्स एकमेकांना जुळले पाहिजेत.

छपाईच्या चुकांच्या नोटा हा वेगळा बाजार आहे. जादा कागद कोपऱ्यात दुमडून राहिलेली नोट, म्हणजे ज्याला बटरफ्लाय म्हणतात, ती खरी असेल तर तो जादा तुकडा उघडल्यावर त्यावरची छपाई घडीशी जुळते. नंबर गायब असलेली नोट मात्र घरबसल्या बनते, रसायनाने नंबर उडवतात. यूव्हीखाली आणि आडव्या उजेडात ती जागा बघा, माझ्या एक रुपयासारखी चमकेल.

## टप्पा ६ : आता भाव

आत्ता. याआधी नाही.

मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. ऑनलाइन कोणीही दहाच्या नोटेला एक कोटी लिहू शकतो, लिहितातही. विकली गेलेली किंमत बघा. मुंबईचं टोडीवाला, बेंगळुरूचं मरुधर, अहमदाबादचं क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी, लंडनचं नूनान्स किंवा स्पिंक, अशा लिलावगृहांचे जुने निकाल साइटवर बघता येतात. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावा. पिक नंबर, म्हणजे जगभरच्या नोटांच्या 'पिक' कॅटलॉगमधला त्या नोटेचा क्रमांक, माहीत असेल तर त्याने शोधा, सगळ्यात स्वच्छ निकाल त्याने येतात.

कमीत कमी पाच निकाल जमवा, शक्यतो गेल्या दोन-तीन वर्षांतले. त्यात सही, इन्सेट, प्रिफिक्स तुमच्यासारखं आहे ते ठेवा, बाकी काढा. मग ग्रेड जुळवा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा निकाल सोडा, लिलावात दोन हट्टी माणसं भिडली की काहीही होतं. मधल्या निकालांची जी पट्टी उरते ती तुमच्या नोटेची किंमत, एक आकडा नव्हे, पट्टी.

आता त्यातून हातात काय येतं ते वेगळं. समजा हातोडा १०,००० वर पडला. घेणारा त्यावर लिलावगृहाचा प्रीमियम आणि कर धरून जास्त भरतो आणि काही ठिकाणी निकालात तो मोठा आकडा दिसतो, तो तुमचा नाही. विकणाऱ्याकडून समजा १२ टक्के कमिशन, म्हणजे ८,८०० राहिले, त्यातून कुरिअर आणि ग्रेडिंग केलं असेल तर तो खर्च. डीलरला थेट विकलंत तर तो याहून कमी देईल, कारण त्याला ती पुढे विकायची आहे, दुकान आहे, माल अडकतो. त्यात लुबाडणूक नसते, पण तीन डीलरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका. पुण्याच्या कॉइनेक्ससारख्या प्रदर्शनात एका दुपारी दहा टेबलं फिरता येतात, तेवढ्यासाठी एसटीचा खर्च करा.

पीएमजीसारख्या, नोटा तपासून ग्रेड देणाऱ्या कंपनीकडून सीलबंद ग्रेडिंग कधी करायचं? नोट कोरी असेल, अस्सलपणावर वाद होऊ शकत असेल आणि ग्रेड लागल्यावर वाढणारा भाव खर्चाच्या निदान तीन-चारपट असेल तेव्हाच. सत्तर गुणांची पट्टी असते, आणि कागद मूळ अवस्थेत असेल तर आकड्यापुढे ईपीक्यू लिहितात. धुतलेल्या, दाबलेल्या नोटेला ते मिळत नाही. व्हीएफ नोट ग्रेडिंगला पाठवून लोक नोटेहून जास्त पैसे घालवतात.

## टप्पा ७ : विकताना कोण फसवतं

पद्धत ठरलेली आहे. जाहिरात बघून तुम्ही फोटो पाठवता, समोरचा पाच मिनिटांत "साडेतीन लाख फायनल" म्हणतो, रिझर्व्ह बँकेच्या लोगोचं पत्र पाठवतो आणि मग रजिस्ट्रेशन फी, जीएसटी, एनओसी असं एकेक मागतो. ओळखीतल्या एका काकांनी असेच तीन हप्ते भरले, चौथ्याला मुलाच्या लक्षात आलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की ती असल्या व्यवहारात नाही आणि कोणाकडून कमिशन वा फी मागत नाही, कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

खरा घेणारा आधी ढीगभर प्रश्न विचारतो. मागची बाजू दाखवा, इन्सेट काय, घड्या किती, उजेडात धरून फोटो द्या. जो एकही प्रश्न न विचारता लाख म्हणतो त्याला नोट नकोच आहे.

लिलावाला देताना कागदावर प्रत्येक नोटेचा नंबर, कमीत कमी किंमत, कमिशन, पैसे कधी मिळणार आणि न विकल्यास नोट परत कशी येणार हे लिहून सही घ्या. टप्पा २ चे फोटो इथे कामाला येतात, परत आलेली नोट तीच आहे हे त्यावरूनच कळतं.

## टप्पा ८ : विकायची नसेल तर

साध्या बाजारू प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि जुने पीव्हीसीचे अल्बम नकोत, ते चिकट होतात आणि नोटेची शाई धरतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलरचे स्लीव्ह, एकात एक नोट, आडवी. डांबराच्या गोळ्या शेजारी नकोत. कोकणात असाल तर सिलिका जेलची पुडी डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात दर महिन्याला बदला, कसर लागली की आधी कडा खाते आणि कडा गेल्या की ग्रेड गेली. देवघरात, तेलाच्या समईजवळ नोटा ठेवण्याची पद्धत आहे अनेक घरांत, तेवढी मोडा. वहीची एक प्रत नोटांसोबत ठेवा आणि घरातल्या निदान एकाला ती कुठे आहे ते सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या साफसफाईत पुन्हा कोणीतरी इस्त्री घेऊन बसेल.